अंकोरला जायचंय? आधी सिन्नरला जाऊन या

मागच्या जानेवारीत आई आणि मावशीला घेऊन कंबोडिया-व्हिएतनाम करून आले, टूरवाल्यांशिवाय, आपलं आपण, आणि तेव्हापासून सगळीकडे एकच प्रश्न. कॉलनीत, ऑफिसात, परवा तर नाशिकरोडला मेथीची जुडी निवडताना शेजारच्या बाई म्हणाल्या अहो त्या तुम्हीच ना आईला घेऊन गेलेल्या, जमवलं कसं. आई ७१ ची, मावशी ६६ ची, दोघींचा विमानप्रवास त्याआधी एकदाच झालेला, तोही तिरुपतीसाठी. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, ज्याला हवं त्याला पाठवता येईल. कंबोडियातलं अंकोर, व्हिएतनाममधलं मी सन, जावामधलं बोरोबुदूर, थायलंडमधलं अयुथया, म्हणजे जिथे आपल्याच गोष्टी दुसऱ्यांनी दगडात कोरून ठेवल्यात अशा ठिकाणांसाठी हे जास्त उपयोगी पडेल. शॉपिंग, पार्टी, बीच यातलं मला काही कळत नाही, ते दुसऱ्याला विचारा.

आधी माझं काय चुकलं होतं ते सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी मी आणि नवरा एका टूरबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही, माणसं चांगली होती, रोज पोळी-भाजी, वरण-भात, जेवणाची तक्रार नाहीच. पण अंकोर वाट किती वेळ दाखवलं? दोन तास. त्यात बाथरूमची रांग आली, ग्रुप फोटो आला, आणि एका काकांची टोपी हरवली ती शोधणं पण आलं. नंतर दागिन्यांच्या दुकानात मात्र दीड तास. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं काय काय पाहिलंस गं, आणि मला धड एक भिंत सांगता येईना. फोटो होते साडेआठशे. तेव्हाच ठरवलं की परत जाईन तर कमी बघेन आणि बघायला शिकून जाईन. आणि शिकायला कुठे लांब जावं लागत नाही हो, आपल्याकडेच आहे सगळं.

गोंदेश्वरापासून सुरुवात करा. नाशिकहून सिन्नर तीसेक किलोमीटर, शिर्डीला जाताना आपण सगळे शंभर वेळा त्याच्या जवळून गेलोय आणि नव्व्याण्णव वेळा थांबलो नाही. यादवांच्या काळातलं, ११व्या-१२व्या शतकातलं देऊळ आहे. उंच चौथरा, मधे शंकराचं मोठं देऊळ, पुढे नंदीचा मंडप, आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य. पंचायतन म्हणतात ते हेच, आपल्या आज्जीच्या देव्हाऱ्यात पण असायचं की. आता अंकोर वाटचा फोटो काढून बघा, मधे एक उंच शिखर आणि चार कोपऱ्यांना चार. काळ पण जवळपास तोच, तिकडे राजा सूर्यवर्मन दुसरा १२व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात विष्णूचं देऊळ उभारत होता आणि इकडे आपल्याकडे यादवांच्या राज्यात बसाल्टवर छिन्नी चालत होती. दोन्ही एकाच शैलीची आहेत असं मी म्हणत नाही, आपलं शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधे एकावर एक रचलेली छोटी छोटी शिखरं, आणि त्यांचं कमळाच्या कळीसारखं. पण मधे एक आणि कोपऱ्यांना चार ही कल्पना एकदा डोक्यात बसली की तिकडे गेल्यावर माणूस हरवत नाही.

तिथे करायचं काय, तर फोन पिशवीत टाकायचा आणि एकाच भिंतीसमोर पंधरा मिनिटं उभं राहायचं. पहिली पाच मिनिटं कंटाळा येतो. मग हळूहळू दिसायला लागतं की हा मकर आहे, ह्याच्या तोंडातून गाभाऱ्याचं पाणी बाहेर येतं, ही बाई एकटी नाहीये, शेजारी कोणीतरी आहे. आणि एकदा सकाळी जा, एकदा बारा वाजता जा, तिरप्या उन्हात कोरीवकाम अंगावर येतं आणि डोक्यावरच्या उन्हात तीच भिंत पापडासारखी सपाट दिसते. ही एक गोष्ट मला अंकोरला इतकी उपयोगी पडली की बस, पुढे सांगते.

दुसरी प्रॅक्टिस पांडवलेणी. ही गुडघ्यांची परीक्षा समजा. पायऱ्या एका दमात, फार तर दोनदा थांबून चढता आल्या तर तिकडच्या बहुतेक जागा जमतील, नाही जमल्या तरी जाता येतंच पण प्लॅन वेगळा करायचा. आईला आम्ही दोन महिने दर रविवारी नेलं, आधी अर्ध्यात बसायची, नंतर माझ्यापुढे. आणि वर गेलातच तर २४ लेण्यांमधलं तिसरं नीट बघून घ्या, खाली यक्ष खांद्यावर भार घेऊन बसलेत ते, आणि त्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी केवढा मोठा होता ते आईने लिहून ठेवलंय. हे का सांगतेय, तर अंकोरला ता प्रोम म्हणून देऊळ आहे, झाडांच्या मुळ्यांनी गिळलेलं, सगळे तिथे फक्त झाडाचे फोटो काढतात. ते राजा सातव्या जयवर्मनने ११८६ साली स्वतःच्या आईसाठी बांधलं. आपल्याकडे आईने मुलासाठी दगड बोलता केला आणि तिकडे मुलाने आईसाठी, मावशी हे ऐकून एकदम गप्प झाली होती, तिचा मुलगा पुण्याला असतो, असो. ता प्रोमच्या शिलालेखात तिथे राहणाऱ्या माणसांचा आकडा पण दिलाय, १२,६४०. आपल्याकडे पण पांडवलेण्यांतच क्षत्रप राजा नहपानाच्या लेण्यात त्याच्या जावयाने, उषवदाताने, ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवले आणि व्याजातून भिक्षूंचा खर्च चालायचा, हे सगळं लिहिलंय, चक्क एफडी. म्हणजे भिंतीवर नुसते देव नसतात, हिशोब पण असतात.

आता तारखा. ह्यासाठी कुठलं अ‍ॅप नको, कालनिर्णय काढा. खरंच सांगते. अंकोर वाटच्या अगदी वरच्या मजल्याला बाकान म्हणतात, तिथे जायला खूप उभा जिना आहे आणि बौद्धांच्या पवित्र दिवशी तो मजला बंद ठेवतात. हे दिवस कुठले, तर आपल्या पंचांगातल्या अष्टमी, पौर्णिमा, अमावस्येच्या आसपासचे, एखाद्या दिवसाचा फरक पडतो. मी विमानं बघितली, हॉटेलं बघितली, पाऊस बघितला, आणि नेमकी पौष पौर्णिमेला आईला घेऊन जिन्याखाली उभी! आई म्हणाली अगं तुला निघताना सांगत होते की पौर्णिमा आहे, मला वाटलं उपवासासाठी सांगतेय. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं, तीन दिवसांचा पास होता म्हणून निभावलं.

तेच कालनिर्णय व्हिएतनाममध्ये उलट फायद्याचं ठरतं. होई आन गावात चंद्राच्या हिशोबाने चतुर्दशीच्या रात्री जुन्या गावातले दिवे मालवून कंदील लावतात, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला गोदाघाटावर असतं ना तसं काहीसं वातावरण. आणि तिकडचे बरेच लोक महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार करतात, त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला व्हेज मिळायची ददात नसते. आणखी एक, साधारण २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास अंकोर वाटचा सूर्य बरोबर मधल्या शिखरावर उगवतो, पण तेव्हा गर्दी पण तशीच असते आणि मार्चमध्ये उकाडा सुरू झालेला असतो. ज्येष्ठांना नेत असाल तर नोव्हेंबर शेवट ते फेब्रुवारी, बाकी विचार करू नका. एप्रिल तर अजिबात नको, मालेगावचा मे महिना आणि वर दमटपणा.

कागदपत्रांचं पटकन उरकते. पासपोर्ट निदान सहा महिने शिल्लक हवा. नाशिकला पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मावशीचा तिथेच केला. तिकिटावर नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, आपल्याकडे नावात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव जोडलेलं असतं, ते पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात असेल तर तिकिटावर पण तिथेच, उगाच छोटं करायला जाऊ नका. कंबोडियाचा टुरिस्ट व्हिसा ३० डॉलरचा, ऑनलाईन काढला तर सरकारी साईटवरूनच काढा, शेवटी डॉट गव्ह डॉट केएच असेल तीच, हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्या साईटी दुप्पट पैसे घेतात. विमानाने जाणाऱ्यांना ई-अरायव्हल फॉर्म पण भरावा लागतो, तो फुकट आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका एन्ट्रीचा २५ डॉलर, त्यात जन्मतारखेचा दिवस-महिना उलटसुलट झाला तर पैसे परत नाहीत, चष्मा लावून भरा. थायलंडचे नियम सारखे बदलतात, निघायच्या आठवड्यात परत बघा, आणि तिकडे १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड आहे ते आधीच भरून ठेवा.

आणि बँकॉकहून बसने सीएम रीपला, म्हणजे अंकोरजवळच्या गावाला, जायचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. २०२५ च्या मध्यापासून थायलंड-कंबोडियाच्या भांडणात जमिनीवरच्या सीमा बंद झाल्या, मग गोळीबार पण झाला. बातम्या बघून ठरवा आणि विमानाचंच धरा. मुंबईहून जाताना मधे बँकॉक, क्वालालंपूर किंवा हो ची मिन्ह असं कुठेतरी बदलावं लागतं, तिथे दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात पण म्हाताऱ्या माणसांबरोबर एकाच पीएनआरवर घ्या, नाहीतर सामान काढा, इमिग्रेशन करा, परत चेक-इन करा, आणि बँकॉकला तर दोन विमानतळ आहेत, एक सुवर्णभूमी आणि एक डॉन मुआंग, उतरायचं एकीकडे आणि पुढचं दुसरीकडे असं झालं की संपलंच. सुवर्णभूमीला वेळ मिळाला तर आतलं समुद्रमंथनाचं भलंमोठं रंगीत शिल्प बघून घ्या, आमची तिथेच उजळणी झाली. नाशिकहून विमानतळाला जायला मी फ्लाईटच्या आधी आठ तास धरते, लोक हसतात, पण कसारा घाट आणि भिवंडीजवळचं ट्रॅफिक यांनी माझ्या दिराची फ्लाईट चुकवलेली आहे.

पैसे. कंबोडियात डॉलर चालतात, सुट्टे रियालमध्ये परत देतात, साधारण ४००० रियालचा एक डॉलर. पण नोट जरा जरी फाटकी, कडेला चीर गेलेली असेल तर घेत नाहीत. माझ्याकडे वीसची एक नोट होती, कोपऱ्याला नखाएवढी चीर, पाच ठिकाणी दाखवली, पाचही ठिकाणी हसून परत दिली. आपल्याकडे कसं, फाटकी नोट दुसऱ्या नोटांमधे घालून खपवतो, तिकडे एकेक नोट उजेडात धरून बघतात. इथून घेतानाच छोट्या आणि कोऱ्या मागून घ्या, एक, पाच, दहाच्या. ती वीसची अजून माझ्या कपाटात आहे, कोणाला हवी असेल तर सांगा.

खाण्याचं आता नीट लिहिते कारण अर्धे लोक ह्याच भीतीने जात नाहीत. कंबोडियात प्राहोक म्हणून मासळी आंबवून केलेला लगदा असतो, तो भाजीत, सूपमध्ये, कशातही असू शकतो, थायलंड-व्हिएतनामला तोच प्रकार माशांच्या सॉसचा. म्हणजे नुसतं मीट नको म्हटलं तर पुरत नाही, त्यांच्या डोक्यात फिश सॉस म्हणजे मीट नाहीच, आपल्याला जसं मीठ. थायलंडमध्ये 'जे' म्हणा, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, त्यात मासा-अंडं-कांदा-लसूण काही नाही, आपल्या चातुर्मासासारखं. आणि व्हिएतनाममध्ये शाकाहाराला म्हणतात 'चाय'. आता ह्याचं काय झालं बघा, दा नांगला पहिल्या सकाळी आई हॉटेलवालीला म्हणतेय चाय, चाय, ती बाई मान हलवतेय, आणि दहा मिनिटांनी समोर टोफू, मशरूम आणि पालेभाजी घातलेला मोठा वाडगा. आई बघतच राहिली. खाल्लं मात्र सगळं, वर म्हणाली चहा नाही तर नाही पण चव चांगली आहे. चहाला तिकडे 'चा' किंवा 'त्रा' म्हणतात, पाठ करून जा.

घरून न्यायचं म्हणजे मेतकूट, तूप, कोरडी शेंगदाण्याची चटणी, आणि कोंडाजी चिवडा तर नाशिककर न सांगता नेतोच. गरम साधा भात कुठेही मिळतो, त्यावर मेतकूट-तूप, झालं जेवण. ओला ठेचा आणि लोणचं केबिन बॅगेत ठेवू नका, माझी ठेच्याची बाटली मुंबईलाच सिक्युरिटीवाल्यांनी काढून घेतली, आणि त्या पोराने वास घेऊन वर विचारलं की घरचा का.

आता मुख्य, अंकोर कसं बघायचं. पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीनचाच घ्या, तो सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन, म्हणजे मधे एक दिवस आराम करता येतो. आम्ही दिवसाला फार तर दोन देवळं ठरवली होती आणि पहिल्याच दिवशी माझा हावरटपणा नडला, दुपारी दीडला तिसऱ्या देवळात मावशीला चक्कर आली, नारळपाणी पाजून टुकटुकमध्ये आडवी केली. नंतर शहाणी झाले, सकाळी साडेपाच ते दहा, मग हॉटेल, झोप, परत तीन ते साडेपाच. टुकटुक दिवसभराची एकच ठरवा, तिकडे त्याला रिमॉर्क म्हणतात, मोटरसायकलच्या मागे जोडलेली गाडी. छोटी फेरी १७ किलोमीटरची, मोठी २६ ची. एरवी गावात ग्रॅब किंवा पासअ‍ॅप, आपल्या ओला-उबरसारखी अ‍ॅप.

कपडे, खांदे आणि गुडघे झाकलेले, बाकानला तर सोडतच नाहीत नाहीतर. आई-मावशी पंजाबी ड्रेसमध्ये होत्या, साडीत ते जिने नको.

अंकोर वाटला सूर्योदयाला तळ्याकाठी जत्रा असते, एकदा बघा, पण खरी गंमत त्यानंतर. सूर्य वर आला की सगळी गर्दी नाश्त्याला पळते आणि सात ते नऊ आवार रिकामं. तेव्हा सरळ मागे, पूर्वेच्या ओवरीत जायचं. का, तर देऊळ पश्चिममुखी आहे, सकाळचं तिरपं ऊन मागच्या बाजूला पडतं, आणि समुद्रमंथन तिथेच आहे. पुढच्या बाजूच्या भिंती दुपारी तीननंतर. हेच ते सिन्नरला शिकलेलं. पाच मिनिटं आधी एका ग्रुपचा गाईड पुढच्या अंधाऱ्या ओवरीत टॉर्च मारून दाखवत होता, बिचारे.

समुद्रमंथनाची भिंत जवळजवळ ४९ मीटर लांब आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, हातात वासुकी, मधे विष्णू, खाली कासव, वर अप्सरांची रांगच रांग. आकडे मी आधी वाचलेले, पण आईने मानलं नाही, ती बोट धरून मोजत निघाली, असुर मोजताना चाळीसच्या पुढे चुकली, परत पहिल्यापासून. सगळे असुर एकसारखे वाटतात पण नाहीत, डोळे बटबटीत, ओठ आवळलेले, जोर लावताना आपल्या गल्लीतली पोरं दोरीखेचला करतात तसे. देवांचे चेहरे शांत, डोळे बदामी. आणि खाली पाण्यात मासे, मगरी, मधल्या घुसळणीजवळ आले की त्यांचे तुकडे तुकडे झालेले, हे फोटोत कधी दिसलं नव्हतं मला. शेवटी शेपटाच्या टोकाला देवांच्या बाजूने चक्क एक वानर. मावशी म्हणाली हा कुठून आला मधेच, आपल्या गोष्टीत तर नाही. बरेच जण त्याला हनुमान म्हणतात. मग आई जे म्हणाली ते मला कुठल्या गाईडने सांगितलं नसतं, ती म्हणाली ह्यांनी घुसळलं त्यातलाच थेंब आपल्याकडे पडला ना, म्हणून तर सिंहस्थ. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर माहेर असलेली बाई, तिच्यासाठी ती भिंत म्हणजे घरचीच गोष्ट, फक्त आजोळची माणसं जरा वेगळी सांगतात तशी.

दुपारी पुढच्या बाजूला. आत शिरलात की उजव्या हाताला वळायचं, कुरुक्षेत्र. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, मधे तुंबळ, आणि डाव्या अर्ध्यात वरच्या बाजूला शरपंजरी भीष्म शोधा, सापडतात. तिथून पुढे भिंती ओळीने वाचत गेलं की चालणं उलटं होतं, देऊळ डाव्या हाताला. आई अडून बसली, म्हणे अप्रदक्षिणा मी नाही घालणार, ती अंत्यविधीला घालतात. मी म्हटलं अगं अभ्यासकांचं पण तेच म्हणणं आहे, पश्चिममुखी देऊळ, उलटा क्रम, म्हणून राजाच्या मरणाशी संबंध असावा असं बरेच जण मानतात. शेवटी आम्ही एकेक भिंत सुटी सुटी बघितली आणि मधे अंगणातून ये-जा केली, देव पण राजी, आई पण राजी. दक्षिणेच्या ओवरीत यमराज रेड्यावर, शेजारी चित्रगुप्त, ३७ स्वर्ग आणि ३२ नरक, नरकांसमोर पोरांची गर्दी जास्त. नैऋत्य कोपऱ्याच्या दालनात राम मारीचाला मारतोय ते शोधा, सोन्याचं हरीण हो, म्हणजे पंचवटीचीच घटना. लंकेची लढाई पश्चिमेच्या ओवरीतच पण डावीकडे, राम हनुमानाच्या खांद्यावर उभा, समोर दहा तोंडांचा रावण.

बायोन म्हणजे शिखरांवर मोठमोठे दगडी चेहरे असलेलं देऊळ, तिथे चेहरे बघून झाले की खाली बाहेरच्या भिंतीवर या. तिथे देव नाहीत, बाजार आहे, कोंबड्यांची झुंज, मासे पकडणं, स्वयंपाक, शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी नावेतली लढाई. मावशी तिथे सगळ्यात जास्त रमली.

बांते स्रेई लांब आहे, गावापासून तासाभरावर, पण सोडू नका. इसवी सन ९६७ चं, गुलाबी वाळूच्या दगडाचं, छोटंसं, जिने जवळजवळ नाहीत म्हणून गुडघेदुखीवाल्यांना उत्तम. रावण कैलास हलवतोय ते तिथे दारावरच्या त्रिकोणी भागात आहे, वेरूळच्या कैलास लेण्यातलं बघून गेलात तर दोन्हीकडचा रावण शेजारी ठेवून बघता येतो. आपल्याकडचा दगडाच्या पोटात शिरून जोर लावतो, त्यांच्याकडचा दागिन्यासारखा कोरलाय, वर घाबरलेली जनावरं पळतायत.

मी सन थोडक्यात. होई आनहून चाळीसेक किलोमीटर, चंपाच्या राजांची शंकराची देवळं, भद्रेश्वर नाव, चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत राहिले. विटा अशा बसवल्यात की मधे सांधा दिसत नाही. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरंच गेलं, खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्ती केली आणि २०२० मध्ये काम करताना ९व्या शतकातलं एकसंध शिवलिंग सापडलं, आईने खिशातलं बेलाचं सुकलं पान काढलं आणि मी म्हटलं आई नको, वस्तुसंग्रहालयासारखं आहे हे. ती जरा खट्टू झाली. सकाळी सातला जा, नंतर बसेस येतात. दा नांगचं चाम म्युझियम आधी बघा, मूर्ती तिथे आहेत, मी सनला जास्त करून भिंती.

वागण्याबद्दल एकच, पण महत्त्वाचं. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही, हातात थेट वस्तू पण द्यायची नाही. अंकोरला एका म्हाताऱ्या भंतेजींसमोर आई आपल्या सवयीने पायाला हात लावायला वाकली आणि ते पटकन दोन पावलं मागे सरकले. आईला वाटलं आपलं काही चुकलं, डोळ्यात पाणीच आलं तिच्या. मी लांबून हात जोडून दाखवले, मग ते हसले आणि धागा शेजारच्या माणसाकडून बांधवला. हे आधी सांगून ठेवायला हवं होतं मी. बसताना बुद्धाकडे पाय करू नका, आणि अयुथयाला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे तिथे फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्या वर जाता कामा नये, पहारेकरी लगेच टोकतो.

बँकॉकला फ्रा केओच्या देवळात आवाराच्या भिंतीवर रामकियेन, म्हणजे तिकडचं रामायण, रंगवलंय, १७८ चित्रं, उत्तरेच्या दाराजवळून सुरू करा आणि उजव्या हाताने फिरा, इथे मात्र सुलटी प्रदक्षिणा. तिकडचा हनुमान ब्रह्मचारी नाही हे घरच्या मोठ्यांना आधी सांगून ठेवा, मत्स्यकन्येबरोबर त्याचं सूत जुळतं. माझ्या सासऱ्यांना मी फोटो दाखवला तर दोन दिवस बोलले नाहीत.

परतीला मुंबईत पहाटे चारला उतरलो, कसाऱ्याला चहा घेतला, आईने पहिला घोट घेऊन म्हटलं हा खरा चाय. आता तिने जावामधलं प्रंबानन काढलंय, तिथे ब्रह्मा-विष्णू-महेश तिघांची देवळं शेजारी शेजारी, शंकराचं ४७ मीटर उंच. जिने किती आहेत ते मी शोधतेय, आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तिने स्वतःच पेन्सिलने अष्टम्या, पौर्णिमा, अमावस्या गोल करून ठेवल्यात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. तिकडे हा नियम नाही असं सांगितलं तरी खोडायला तयार नाही.